‘कुष्ठरुग्णांचा धर्म’ : मनाला वळण लावणाऱ्या एका तिबेटी साधनेचा इतिहास

“डॉक्टर, मेडिटेशन केले तर माझा आजार बरा होईल का? गोळ्या सुटतील का?” हा प्रश्न हल्ली जवळजवळ रोज ऐकायला मिळतो. कधी तो मधुमेहाचा पेशंट विचारतो, कधी सांधेदुखीचा, कधी कॅन्सरच्या उपचारातून जाणारी बाई. आणखीही एक प्रश्न असतो, तो मात्र बहुतेक वेळा दबक्या आवाजात येतो : “माझे विचारच वाईट होते, म्हणून मला हे झाले का?”

पहिल्या प्रश्नात आशा आहे, दुसऱ्यात अपराधीपणा. दोन्हींचे मूळ एकच आहे. मन आणि शरीर यांचा संबंध आहे एवढे सगळ्यांना कळते, पण तो नेमका कुठपर्यंत आहे हे कळत नाही. त्यासाठी आज तुम्हाला सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहे. मनाला वळण लावण्याची एक बौद्ध पद्धत तोपर्यंत गुरूकडून निवडक शिष्यांनाच मिळत असे. ती बंद दाराआडून बाहेर आली, आणि त्याला कारण ठरले ते समाजाने हाकलून दिलेले रुग्ण. त्यावरून तिला एक विलक्षण टोपणनाव पडले : ‘कुष्ठरुग्णांचा धर्म’.

लोजोंग म्हणजे काय?

तिबेटी भाषेत ‘लो’ म्हणजे मन किंवा बुद्धी आणि ‘जोंग’ म्हणजे घडवणे, सराव देणे, स्वच्छ करणे. म्हणून लोजोंग म्हणजे मनाची मशागत. शेतकरी पेरणीआधी जमीन नांगरतो, ढेकळे फोडतो, तण काढतो, तसे काहीसे.

आपल्याकडे अनेकांनी इगतपुरीला जाऊन विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केलेले असते. ती साधनाही बौद्धच, पण ती म्यानमारच्या परंपरेतून आली. तिथे श्वास आणि शरीरावरच्या संवेदना यांचे निरीक्षण मुख्य असते. लोजोंग तिबेटच्या महायान परंपरेतली. तिथेही आधी श्वासावर मन शांत करतात, पण भर असतो तो एका सवयीवर. आपले मन चोवीस तास ‘मी, माझे, मला’ या खुंट्याभोवती फिरत असते. ते थोडे सैल करायचे आणि दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याइतकेच खरे मानायला शिकायचे. हा अभ्यास आसनावर बसून सुरू होतो, पण त्याची परीक्षा स्वयंपाकघरात, ऑफिसात आणि आजारपणात होते.

बंगाल, सुमात्रा, बिहार आणि तिबेट

या परंपरेचे मूळ भारतात आहे. आठव्या शतकातले नालंदाचे आचार्य शांतिदेव यांनी ‘बोधिचर्यावतार’ या संस्कृत ग्रंथात स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघण्याचा अभ्यास सविस्तर मांडला. तो पुढे तिबेटला नेण्यात सर्वांत मोठा वाटा होता अतीश दीपंकर श्रीज्ञान यांचा.

अतीश यांचा जन्म ९८२ साली बंगालमधल्या राजघराण्यात झाला. विक्रमपूर हे त्यांचे जन्मस्थान मानले जाते, ते आज बांगलादेशात आहे. मोठे विद्वान म्हणून नाव झाल्यावरही त्यांना एक शिक्षण अपुरे वाटत होते : करुणा प्रत्यक्ष मनात कशी रुजवायची? त्यासाठी ते समुद्रमार्गे सुवर्णद्वीपाला, म्हणजे आजच्या सुमात्राला गेले. हा प्रवास तेरा महिने चालला असे परंपरा सांगते. तिथे धर्मकीर्ती नावाच्या आचार्यांकडे ते बारा वर्षे राहिले. तिबेटी लोक या आचार्यांना ‘सेरलिंगपा’, म्हणजे सुवर्णद्वीपाचे गुरू, म्हणतात.

परत आल्यावर अतीश विक्रमशिला महाविहारात होते. त्याचे अवशेष बिहारमध्ये भागलपूर जिल्ह्यात अंतिचक इथे आजही पाहता येतात. पश्चिम तिबेटच्या राजघराण्याच्या आग्रहावरून ते वयाच्या साठीत हिमालय ओलांडून १०४२ साली तिबेटला पोहोचले. ते तिथेच रमले आणि १०५४ साली ल्हासाजवळच्या न्येथांग इथे वारले. त्यांचे प्रमुख शिष्य द्रोमतोनपा (१००५–१०६४) यांनी पुढे रेटिंग मठ उभारला, आणि त्यांच्या परंपरेला ‘कदम्प’ हे नाव मिळाले. द्रोमतोनपा स्वतः पूर्ण दीक्षा घेतलेले भिक्षू नव्हते, उपासक होते. मनाची मशागत फक्त चीवरधाऱ्यांसाठी नाही, हे या परंपरेत सुरुवातीपासून दिसते.

तापट नोकर आणि पिठाची पिशवी

कदम्प गुरूंच्या गोष्टी मोठ्या मजेदार आहेत. अतीशांबद्दल असे सांगतात की तिबेटला जाताना त्यांनी एक बंगाली नोकर मुद्दाम बरोबर घेतला. कारण? तो भयंकर तापट आणि उद्धट होता. तिबेटचे लोक फार प्रेमळ असतात असे त्यांनी ऐकले होते. सगळेच गोड बोलू लागले तर सहनशीलतेचा सराव कोणावर करणार, अशी त्यांना काळजी पडली! तिबेटी लोक ही गोष्ट सांगून वर हसत पुस्ती जोडतात, की इथे आल्यावर त्यांना कळले, नोकर उगाच आणला.

दुसरी गोष्ट गेशे बेन यांची. ते साधक होण्याआधी लुटारू होते म्हणतात. एकदा ते एका घरी गेले असता यजमान बाहेर गेले. समोर पिठाची पिशवी होती. जुन्या सवयीने हात पिशवीत गेला. गेशेंनी दुसऱ्या हाताने तोच हात घट्ट पकडला आणि ओरडू लागले, “चोर! चोर सापडला!” घरची माणसे धावत आली, तर चोर आणि चोराला पकडणारा एकच.

मला ही गोष्ट डॉक्टर म्हणून फार आवडते. गेशेंनी स्वतःला शिव्या दिल्या नाहीत, हात कापला नाही, की ‘मी कायमचाच नालायक’ असेही म्हटले नाही. सवय उचल खाते आहे तो क्षण त्यांनी पकडला. सिगारेट सोडणाऱ्या, गोड टाळणाऱ्या किंवा रागावर काम करणाऱ्या कोणालाही आम्ही आज हेच शिकवतो. याच गेशेंबद्दल असेही सांगतात की ते दिवसभर चांगल्या विचाराला पांढरा खडा आणि वाईट विचाराला काळा खडा बाजूला ठेवत आणि संध्याकाळी मोजत. आजचे मानसोपचारतज्ज्ञ पेशंटला विचारांची डायरी लिहायला सांगतात, ती याच जातीची.

चेकावा आणि हाकललेली माणसे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लांगरी थांगपा (१०५४–११२३) या कदम्प गुरूंनी लोजोंगचे सार अवघ्या आठ कडव्यांत बांधले होते. चेकावा येशे दोर्जे (११०१–११७५) नावाच्या तरुण विद्वानाच्या नजरेस ती कडवी पडली. वादात, भांडणात स्वतः हार पत्करून दुसऱ्याला जिंकू द्यावे, हा त्यातला विचार त्यांच्या मनात रुतून बसला. ते लांगरी थांगपांना शोधत निघाले, तोवर ते वारले होते. मग शारावा (१०७०–११४१) या गुरूंकडे राहून चेकावांनी ही साधना पुरी केली.

त्या काळी ही शिकवण सर्रास दिली जात नसे. गुरू पारखून घेतलेल्या शिष्यालाच ती सांगे. चेकावांनी मात्र ती कुष्ठरुग्णांना शिकवायला सुरुवात केली.

त्या काळातल्या तिबेटमध्ये कुष्ठरोग म्हणजे काय होते याची कल्पना करा. नागांच्या कोपाने हा रोग होतो अशी तिथली समजूत होती. आपल्याकडेही त्याला ‘महारोग’ म्हणत आणि गेल्या जन्मीचे पाप समजत. रोगाने बोटे बधिर होत, जखमा चिघळत, चेहरा बदलत असे. त्याहून मोठी जखम म्हणजे माणसांतून उठणे. घर, गाव, स्पर्श, नाव, सगळे सुटे. अशा माणसांसमोर बसून चेकावांनी त्यांना काय सांगितले असेल? ‘तुम्ही दयेचे विषय आहात’ एवढेच नक्कीच नाही. करुणा ही कोणीतरी वरून तुमच्यावर करायची गोष्ट नसून, तुम्ही स्वतः दुसऱ्यासाठी करू शकता अशी गोष्ट आहे, हे या साधनेचे म्हणणे. ज्याच्याकडे देण्यासारखे काही उरले नाही असे सगळे जग म्हणते, त्याला ही साधना देणारा बनवते.

चेकावांचा एक भाऊ होता, त्याला धर्माची मनस्वी चीड होती अशी कथा आहे. कुष्ठरुग्णांना शिकवताना तो दाराआड उभा राहून चोरून ऐकू लागला. हळूहळू त्याचा स्वभाव निवळलेला चेकावांना जाणवला. इतक्या हट्टी माणसालाही याचा उपयोग होत असेल, तर ही शिकवण झाकून ठेवण्यात अर्थ नाही, असे त्यांनी ठरवले. मग त्यांनी ती सात मुद्द्यांत मांडली. हीच ‘सात मुद्द्यांची मनाची मशागत’ आजही लोजोंगचा सर्वांत प्रसिद्ध पाठ आहे.

मग कुष्ठरोग बरा झाला का?

परंपरा सांगते की साधना करणारे अनेक कुष्ठरुग्ण बरे झाले. डॉक्टर म्हणून इथे मला थांबून स्पष्ट बोलले पाहिजे.

कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी तो जिवाणू १८७३ साली दाखवून दिला. तो नागांच्या कोपाने होत नाही, पापाने होत नाही आणि वाईट विचारांनीही होत नाही. तो औषधांनी मरतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेली बहुविध औषधोपचार पद्धती, म्हणजे एमडीटी, आज आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. सहा ते बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो, आणि वेळेत उपचार सुरू झाले तर व्यंगही टळते. त्वचेवर बधिर चट्टा दिसला तर ध्यानाला बसण्याआधी दवाखान्यात या.

मग त्या जुन्या रुग्णांचे काय झाले असेल? त्यांची तपासणी आज करता येत नाही. पण आजार दोन थरांत असतो, हे आम्ही रोज पाहतो. बौद्ध ग्रंथांत यासाठी दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला लागतो, त्याची वेदना होतेच. दुसरा बाण मनाला लागतो : ‘माझ्याच वाट्याला का?’, ‘आता मी कोणाच्या कामाचा नाही’, ‘लोक काय म्हणतील?’ हा दुसरा बाण अनेकदा पहिल्यापेक्षा खोल जातो. कंबरदुखीचा पेशंट दुखण्याने जेवढा थकतो, त्याहून जास्त दुखण्याच्या धास्तीने थकतो. लोजोंग दुसऱ्या बाणावर काम करते. पहिला बाण काढायला वैद्यच लागतो. बुद्धाच्या काळीही भिक्षू आजारी पडले की त्यांना औषध दिले जाई. विनयाच्या ग्रंथांत औषधांवर एक वेगळा भागच आहे.

ही साधना करतात तरी कशी?

चेकावांच्या पाठात साठेक छोटी सूत्रे आहेत. दिवसभर आठवता यावीत म्हणून ती अगदी त्रोटक ठेवली आहेत. काही बसून करायच्या ध्यानाबद्दल आहेत, बरीचशी वागण्याबद्दल. केलेल्या उपकाराच्या बदल्यात शाबासकीची वाट पाहू नये, दुसऱ्याच्या शारीरिक व्यंगाचा विषय काढू नये, मनात डूख धरून संधीची वाट पाहू नये, असा त्यांचा रोख आहे. कुष्ठरुग्णांमध्ये बसून दिलेल्या शिकवणीत व्यंगाबद्दलची सूचना असावी, हे मला फार बोलके वाटते.

तिसरा मुद्दा आजारी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे : संकट आले की साधना थांबली असे न समजता तेच संकट साधनेचे साहित्य करायचे. ताप, दुखणे, अपमान, हॉस्पिटलच्या रांगेतली वाट पाहणे, सगळे त्यात आले.

बसून करायचे मुख्य ध्यान म्हणजे ‘तोंगलेन’, देणे आणि घेणे. श्वास आत घेताना दुसऱ्याचे दुःख आपण घेत आहोत अशी कल्पना करायची आणि श्वास सोडताना आपले सुख, आराम त्याला देत आहोत अशी. हे ऐकून अनेकांना भीती वाटते : दुसऱ्याचा आजार माझ्या अंगात आला तर? निश्चिंत राहा. कल्पनेने कोणताही आजार एका शरीरातून दुसऱ्यात जात नाही. दुःख दिसले की तोंड फिरवायचे, ही मनाची सवय बदलण्याचा हा व्यायाम आहे. शिवाय घेण्याची सुरुवात स्वतःपासून करावी असे पाठातच सांगितले आहे. म्हणजे आधी आपलेच उद्याचे दुखणे, आपलीच भीती जवळ घ्यायची.

तिबेटमधून प्रयोगशाळेपर्यंत

१९५९ नंतर दलाई लामा आणि हजारो तिबेटी भारतात आश्रयाला आले. त्यांच्या वसाहती हिमाचल आणि कर्नाटकात आहेत, आपल्या गोंदिया जिल्ह्यातही गोठणगावजवळ एक आहे. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येतात ती हीच माणसे. त्यांच्याबरोबर लोजोंगही आली आणि पुढे जगभर पसरली.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठात गेशे लोबसांग तेन्झिन नेगी यांनी २००५ च्या सुमारास लोजोंगवर आधारलेला, पण कोणत्याही धर्माचा नसलेला करुणेचा प्रशिक्षणक्रम तयार केला. त्यावर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ निरोगी तरुण-तरुणी होते. अर्ध्यांना सहा आठवडे करुणेचे ध्यान शिकवले, उरलेल्यांनी आरोग्यविषयक चर्चावर्ग केले. मग सगळ्यांना प्रयोगशाळेत मुद्दाम ताण दिला आणि रक्तातले कॉर्टिसोल व इंटरल्युकिन-६ मोजले. यांतले पहिले ताणाचे हार्मोन आहे, तर दुसरे शरीरातल्या दाहाशी निगडित रसायन.

निकाल काय? दोन गटांची सरासरी पाहिली तर फरक आढळला नाही. मात्र ध्यानाच्या गटात ज्यांनी घरी जास्त सराव केला, त्यांच्यात ताणानंतरचे इंटरल्युकिन-६ आणि मनाचा त्रास कमी दिसला. याचा अर्थ जपून लावायला हवा. हे लोक निरोगी होते, संख्या थोडी होती, आणि असा संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. ‘करुणेच्या ध्यानाने आजार पळतो’ अशी बातमी यातून काढणे चूक आहे. नुसते नाव नोंदवून उपयोग नाही, रोजच्या सरावाला महत्त्व असावे, एवढा इशारा यात आहे.

आज तुम्ही काय करू शकता?

धर्म बदलण्याची, मठात जाण्याची गरज नाही. एवढे करून बघा :

१. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी एक मिनिट. आज कोणाशी जरा मऊ वागायचे आहे ते मनात ठरवा. एकच माणूस पुरे.

२. दिवसातून दहा मिनिटे शांत बसा. आधी काही वेळ श्वास मोजा. मग स्वतःच्या दुखण्याकडे न चिडता बघा. त्यानंतर असाच त्रास असलेली दुसरी माणसे आठवा, आणि श्वास सोडताना त्यांना बरे वाटो असे मनात म्हणा. ‘मी एकटाच नाही’ ही जाणीव मोठा आधार देते.

३. तुमचा ‘तापट नोकर’ ओळखा. घरात, ऑफिसात किंवा सोसायटीत असा एक माणूस असतोच. आज त्याच्याशी बोलताना उत्तर देण्याआधी एक श्वास थांबा. मात्र कोणी मारहाण किंवा छळ करत असेल तर ते सोसणे म्हणजे साधना नव्हे. तिथे मदत मागा.

४. रात्री झोपण्याआधी पांढरे आणि काळे खडे मोजा. वहीत दोन ओळी पुरतात. काळे जास्त निघाले तरी हरकत नाही, मोजणारा जागा आहे हे महत्त्वाचे.

कोणी जपून राहावे?

प्रत्येक त्रासाचे खापर दुसऱ्यावर फोडण्याआधी आपल्यातल्या ‘मी-मी’कडे बघा, असे लोजोंग सांगते. पण हे वाक्य डिप्रेशन असलेल्या माणसाच्या हाती पडले, तर तो त्यातून ‘सगळा दोष माझाच’ असा अर्थ काढतो. तो अर्थ चुकीचा आहे. स्वतःचा दोष आणि स्वतःभोवती फिरण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला तीव्र डिप्रेशन, भास-भ्रम किंवा जुन्या आघाताच्या आठवणी छळत असतील, तर लांबलचक ध्यान एकट्याने सुरू करू नका. काहींची अस्वस्थता ध्यानाने वाढते. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. जगणे नकोसे वाटत असेल तर आजच घरच्यांना सांगा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

बीपी, शुगर, थायरॉइड, फिट, मानसिक आजार, कशाचीही गोळी ध्यान सुरू केले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोस कमी करता येईल का, हे तपासण्या पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरे. मेडिटेशनने आजार बरा होईल का? पहिला बाण औषधाने निघतो, दुसऱ्यासाठी ही मशागत आहे. दोन्ही एकत्र चालू द्या. आणि माझ्या वाईट विचारांमुळे मला हे झाले का? नाही. त्या कुष्ठरुग्णांनाही सगळे जग हेच ऐकवत होते. चेकावांनी त्यांना पापाचा हिशोब विचारल्याचे कुठेही सांगितले जात नाही. त्यांनी त्यांना शेजारी बसवून घेतले आणि शिकवायला सुरुवात केली.